माफी, तहकुबी, सूट आणि सेटलमेंट

नृसिंहवाडीच्या बचत गटांतर्फे आम्ही बोलतोय.

आमच्या बैठकांमध्ये गेल्या काही वर्षांत एक वाक्य फार वेळा ऐकू आलंय. कुणी दारातून आत येता येता म्हणतं, कुणी हप्त्याची वही उघडताना म्हणतं, "अक्का, ते माफ झालं म्हणं की." २०१९ च्या महापुरानंतर ऐकलं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऐकलं, २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा ऐकलं. दर वेळी आम्ही कागद मागून घेतला आणि दर वेळी कागदावर वेगळाच इंग्रजी शब्द निघाला. कधी वेव्हर, कधी रिलीफ, कधी मोरॅटोरियम, कधी राइट-ऑफ, कधी सेटलमेंट. आमच्या तोंडी या पाचांचा एकच शब्द झाला होता, माफ. आणि या पाचांतल्या एकाच शब्दात पैसे खरोखर पूर्णपणे माफ होतात.

म्हणून आम्ही गटाच्या हिशेबाच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवली. तिच्यात शब्द लिहायचे. कुणाच्या घरी कसला कागद आला की त्यातला अडलेला शब्द बैठकीत वाचायचा आणि अर्थ कळल्यावर वहीत उतरवायचा. वही भरायला लागली तसं लक्षात आलं की हा घोळ काही आपल्यापासून सुरू झालेला नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळचा आहे, कदाचित त्याहून जुना. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

आधी आपल्या वाडीचंच उदाहरण घेऊ, कारण जवळजवळच्या दोन शब्दांत केवढं अंतर असतं हे वाडीच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढत चढत मंदिरात येतं, महाराजांच्या पादुकांवरून जाऊन दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, तेव्हा आपण त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात. तेच पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवावी लागते, आणि त्याहून चढलं की आपल्याला घर सोडावं लागतं. नदी तीच, पाणी तेच, पण सोहळा आणि महापूर हे दोन शब्द आपण कधी एकमेकांच्या जागी वापरत नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ फुटाला धोका पातळी. हे दोन शब्दसुद्धा इंग्रजीतल्या दोन शब्दांवरून केलेले, पण आज शाळेतल्या पोरालाही त्यातला फरक कळतो. इशाऱ्याला सामान बांधायचं, धोक्याला निघायचं. पाण्याच्या बाबतीत जी अक्कल आपल्याला आहे, ती कर्जाच्या बाबतीत का नसावी, असं आम्हाला वाटत राहिलं.

तर मागं जाऊ. शिवकाळात आणि पेशवाईत दुष्काळ पडला, गाव ओस पडलं, की सरकार सारा कमी करायचं. त्यालाही शब्द होते. नव्यानं लागवडीला येणाऱ्याला कौल द्यायचा, म्हणजे अभयाचं वचन. इस्तावा म्हणजे पहिल्या वर्षी थोडा सारा, पुढच्या वर्षी जरा जास्त, असा चढत जाणारा. तगाई म्हणजे बी-बैलासाठी सरकारनं दिलेली उचल, ती परत करायची. या शब्दांत गफलत होत नसे, कारण ज्याच्याशी व्यवहार व्हायचा त्या शेतकऱ्याच्या तोंडातलेच ते शब्द होते. फारसी-अरबीतून आलेले असले तरी रुळलेले होते. आपला 'हप्ता' घ्या. फारसीत सातला हफ्त म्हणतात, त्यावरून हप्ता म्हणजे आठवडा. मराठीत तो कर्जाचा ठरलेला भाग झाला, मग तो महिन्याचा असो की वर्षाचा. आता वित्त कंपन्यांची माणसं दर आठवड्याला दारात उभी राहतात, म्हणजे शब्द फिरून आपल्या मूळ घरी आला म्हणायचा. दुसरा शब्द व्याज. संस्कृतात 'व्याज' म्हणजे निमित्त, बहाणा, कपटसुद्धा. हे ऐकून आमच्या एक काकू म्हणाल्या, "मग बरोबर हाय की."

इंग्रजांचं राज्य आलं आणि सरकारचा कागद इंग्रजीत विचार करू लागला. वरच्या कचेरीत इंग्रजी, खालच्या कचेरीत मराठी, आणि मध्ये भाषांतर. साऱ्याच्या बाबतीत मुंबई इलाख्यात दोन शब्द फार महत्त्वाचे ठरले, सस्पेन्शन आणि रिमिशन. पहिल्याला मराठीत तहकुबी म्हणत, दुसऱ्याला सूट. तहकुबी म्हणजे यंदाचा सारा यंदा मागायचा नाही, पुढं पीक आलं की मागायचा. सूट म्हणजे तो सोडूनच द्यायचा. मैत्रिणींनो, तहकूब हा शब्द आपण आजही वापरतो. गणसंख्या नाही म्हणून आपली सभा तहकूब होते. म्हणजे ती मोडली का? नाही. पुढच्या तारखेला पुन्हा भरते, तेच विषय घेऊन. कर्जाची तहकुबी तशीच असते. पुढच्या तारखेला पुन्हा भरते, वर व्याज घेऊन.

१८९६-९७ च्या दुष्काळात या शब्दांवरून मोठी चळवळ झाली. सरकारनं दुष्काळाचे नियम आधीच करून ठेवले होते, फॅमिन कोड म्हणतात तो. पीक बुडालं तर काय मिळायला पाहिजे, कुठं काम काढायचं, साऱ्याची तहकुबी कधी आणि सूट कधी, असं सगळं त्यात होतं. पण ते होतं इंग्रजीत आणि कचेरीत. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं टिळकांच्या पुढाकारानं हे नियम मराठीत आणले, पत्रकं काढली, माणसं गावोगाव पाठवली. नियम सांगायचे, एवढंच काम. तुम्हाला नियमानं जे मिळायचं ते मागा, असं सांगायचं. त्यावर सरकार इतकं बिथरलं की १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली. विचार करा, बंदूक नाही, दंगा नाही. कायद्यातल्या शब्दांचा अर्थ लोकांना सांगितला, एवढ्यावर हे झालं.

पुढं १९१८ साली गुजरातेत खेड्याचा सत्याग्रह झाला. खेडा जिल्हाही तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, म्हणजे नियम तेच. पीक चार आण्यांच्या आत आलं तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हायचा. शेतकरी म्हणत चार आण्यांच्या आत आहे, कलेक्टर म्हणे जास्त आहे. गांधीजींनी तिथं माफी मागितली नव्हती, मागितली होती तहकुबी. आम्ही बी. ए. ला इतिहास शिकलो तेव्हा आमच्या नोट्समध्ये 'सारामाफीसाठी सत्याग्रह' असं लिहिलेलं होतं आणि आम्ही ते तसंच पेपरात लिहून मार्क मिळवले होते. आता कळतं की एका शब्दाच्या फरकानं सगळ्या लढ्याचा रंग बदलतो. माफी मागणारा म्हणतो, सोडून द्या. तहकुबी मागणारा म्हणतो, तुमच्याच नियमानं थांबा. आणेवारी हा शब्द तेव्हापासून आपल्या कानावर आहे, आता त्याची पैसेवारी झाली. ५० पैशांच्या आत की बाहेर यावरून आजही गावागावात वाद होतात.

साऱ्याचं हे झालं. सावकाराच्या कर्जाचं त्याहून वाईट होतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांची दुकानं फोडली आणि मग पुणे-नगर भागात गावोगाव तेच झालं. त्याला इंग्रजांनी डेक्कन रायट्स नाव दिलं, आपल्याकडं दख्खनचे दंगे म्हणतात. त्या दंग्यांची एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, कर्जरोख्यांवर होता. रोखे ओढून काढले आणि जाळले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण त्यात काय लिहिलंय ते आपल्याला माहीत नाही, त्या कागदावर राग निघाला. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये अक्षरशत्रू शेतकरी कागदापुढं कसा नागवला जातो ते तळमळून मांडलं, ते यानंतर काहीच वर्षांनी.

सरकारनं चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये कायदा केला. इंग्रजीत त्याच्या नावात 'रिलीफ' हा शब्द आहे. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांसाठी तो होता. आपलं कोल्हापूर संस्थान, त्यामुळं आपल्याला तो लागू नव्हता, पण पलीकडच्या साताऱ्याला होता. त्यातलं एक कलम आम्हाला आजही शहाणपणाचं वाटतं. कर्जाचा रोखा घरात किंवा पेढीत बसून करायचा नाही, गावासाठी नेमलेल्या रजिस्ट्रारासमोर करायचा, त्यानं तो लिहून घ्यायचा आणि कर्जदाराला समजलाय ना याची खात्री करायची. पावती द्यायची, हिशेब द्यायचा. आज आपल्या मोबाईलवर एक आकडा येतो, तो आपण समोरच्याला सांगतो आणि कर्ज होऊन जातं. समजलाय ना, असं विचारणारं त्या दोन मिनिटांत कुणी नसतं.

आता हे रिलीफ म्हणजे काय? मूळ अर्थ उचलून धरणं, ओझं हलकं करणं. ओझं हलकं केलं म्हणजे ओझं उतरवलं असं नाही. मधल्या जागेत बसून डोक्यावरची पाटी कुणी क्षणभर धरावी तसं. १८७९ च्या कायद्यानं कर्ज बुडवलं नव्हतं. न्यायाधीशाला हिशेब मागं जाऊन तपासायला लावला, व्याज वाजवी करायला लावलं, हप्ते पाडून द्यायची मुभा दिली. पण लोकांनी त्याचा अर्थ काय घेतला असेल, ते आपल्या अनुभवावरून ओळखता येतं.

कारण १३० वर्षांनी अगदी तेच झालं. २९ फेब्रुवारी २००८ ला केंद्राच्या अर्थसंकल्पात मोठी कर्जमाफी जाहीर झाली. तिच्या इंग्रजी नावातच दोन शब्द होते, डेट वेव्हर आणि डेट रिलीफ. दोन हेक्टरांपर्यंतच्या लहान शेतकऱ्याला वेव्हर, म्हणजे पात्र कर्ज पूर्ण माफ. त्याहून जास्त जमीन असणाऱ्याला रिलीफ, म्हणजे त्यानं ७५ टक्के भरायचे तर २५ टक्के सुटणार. मराठीत दोन्हींना एकच शब्द आला, कर्जमाफी. पाच एकरांच्या जरा वर जमीन असलेल्या कितीतरी घरांत तेव्हा बायका म्हणायच्या, "पेपरात तर माफ झाल्यालं वाचलं." पेपरात चुकीचं नव्हतं, अर्धं होतं. कोल्हापूर जिल्ह्यात तर त्यातून 'अपात्र कर्जमाफी' हा नवाच शब्द जन्माला आला. मंजूर मर्यादेच्या वर दिलेलं कर्ज योजनेत बसत नाही असं नंतर ठरलं, खात्याला लागलेली रक्कम परत गेली आणि प्रकरण कोर्टात चढलं. माफ झालेलं पुन्हा अंगावर येऊ शकतं हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय.

या वेव्हर शब्दाचा इतिहास वाचला तेव्हा आम्ही चाट पडलो. इंग्लंडात जुन्या काळी बारा वर्षांवरच्या पुरुषाला कायद्यापुढं शपथ घ्यावी लागे. त्यानं गुन्हा करून पळ काढला तर त्याला कायद्याबाहेर टाकत, आउटलॉ म्हणत. बायकांना ती शपथच नव्हती. जी कायद्याच्या आत कधी घेतलीच नाही तिला बाहेर कसं काढणार? म्हणून बाईच्या बाबतीत दुसरा शब्द वापरत, तिला वेव्ह केलं, म्हणजे सोडून दिली, बेवारस टाकली. पुढं तोच शब्द हक्क सोडून देणं, येणं सोडून देणं या अर्थानं वापरात आला. आज वेव्हर म्हटलं की आपण खूश होतो. पण सोडून देणारा नेहमी समोरचा असतो, हे त्या शब्दात पहिल्यापासून आहे. आणि कागदावर 'आय वेव्ह माय राइट' असं असेल तर सोडून देणारे आपण असतो! हे आमच्या वहीत लाल शाईनं लिहिलंय.

शब्दांचे असे फरक मराठीत आणायचं काम कुणी केलं नाही असं नाही. मोल्सवर्थ साहेबांनी १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला, १८५७ ला त्याची वाढवलेली आवृत्ती. जेम्स मोल्सवर्थ लष्करातला माणूस, मदतीला कँडी बंधू आणि पुण्या-मुंबईकडचे शास्त्री-पंडित. गावोगावचे, धंद्याधंद्याचे शब्द त्यांनी गोळा केले. मेजर कँडींनी १८४७ मध्ये इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. त्या काळच्या सरकारी मराठीवर कँडींची मोठी छाप. आपण वाक्यात जो स्वल्पविराम देतो तो रुळवण्यातही त्यांचा हात आहे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय निघालं, पदनाम कोश आला, नंतर शासन व्यवहार कोश. पदनाम कोशाला आचार्य अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हटलं, ते गाजलं. आम्हाला मात्र त्या कोशांचा राग येत नाही. कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला आणि तो आपण वापरतोच. आमची तक्रार वेगळी आहे. कोश होतात, पण ते कागदापर्यंत येत नाहीत. बँकेचा फॉर्म एका पानावर मराठी आणि सही करायच्या पानावर इंग्रजी असतो. आणि जिथं मराठी शब्द दिलाय तिथं तो असा असतो की इंग्रजीच बरा वाटावा. राइट-ऑफला 'निर्लेखित' म्हणतात. बैठकीत विचारलं तर एक जण म्हणाली, लिहायचं राहून गेलेलं.

राइट-ऑफ म्हणजे बँकेनं आपल्या हिशेबाची वही स्वच्छ दिसावी म्हणून ते बुडीत कर्ज चालू वहीतून बाजूला काढणं. आपल्याकडचं येणं त्यानं संपत नाही. वसुली सुरूच राहते. उद्योगपतींचं इतकं कर्ज राइट-ऑफ केलं अशी बातमी आली की लोक म्हणतात त्यांचं माफ केलं, आमचं का नाही. राग बरोबर असेल, शब्द बरोबर नाही. आपल्या गटातही असं होतंच की. एखादीचं अंतर्गत कर्ज दोन वर्षं थकलं की आपण ते वेगळ्या पानावर लिहितो, पण ती समोरून आली की आठवण करतोच.

आता मोरॅटोरियम. २७ मार्च २०२० ला रिझर्व्ह बँकेनं हप्ते थांबवायची परवानगी दिली, आधी तीन महिने आणि मग वाढवून ३१ ऑगस्टपर्यंत. लॅटिनमध्ये या शब्दाच्या मुळाशी उशीर आहे, विलंब. आपल्या जुन्या भाषेत सरळ तहकुबी. १८९७ मध्ये पत्रकं वाटून सांगितलेला शब्द हाताशी असता तर एका वाक्यात काम झालं असतं. पण तो शब्द आपण सभेपुरता ठेवला आणि कर्जाच्या बाबतीत विसरलो. यात्रा बंद, दर्शन बंद, पेढे-बासुंदीची दुकानं बंद, खव्याला गिऱ्हाईक नाही. अशात आमच्या बायकांना निरोप आला की सहा महिने हप्ता नाही. ऐकणारीनं ऐकलं, सहा महिन्यांचे हप्ते नाहीत.

आम्ही गणित मांडून दाखवलं. समजा ३० हजार बाकी आहे, शेकडा दोन रुपये महिना व्याज. महिन्याचं व्याज ६०० रुपये. सहा महिन्यांचं ३,६००. हप्ता थांबला तरी हे ३,६०० चढतंच राहणार, वर कर्ज सहा महिने लांबणार. ज्यांच्या घरात दुधाचे पैसे येत होते त्यांना आम्ही म्हटलं, जमेल तेवढं भरा. ज्यांच्याकडं खरंच काही नव्हतं त्यांनी तहकुबी घेतली, आणि ती घ्यायलाच हवी होती. पुढं २३ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्या काळातल्या व्याजावर व्याज लावता येणार नाही. पण साधं व्याज माफ करायला कोर्टानं नकार दिला. ही बातमीसुद्धा आमच्याकडं 'व्याज माफ' म्हणूनच पोचली.

२०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारनं एक हेक्टरपर्यंतचं पीककर्ज माफ केलं होतं. त्यात अडकवणारा शब्द माफ नव्हता, पीककर्ज होता. म्हशीसाठी काढलेलं, घर दुरुस्तीला काढलेलं, गटाचं, वित्त कंपनीचं, यांतलं काहीच पीककर्ज नव्हे. आणि पीककर्ज बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर, बाकीचं बाईच्या नावावर. तिचं काहीच माफ झालं नाही, आणि घरचे म्हणत राहिले, माफ झालंय की आपलं.

सगळ्यात जास्त दुखावणारा शब्द सेटलमेंट. हा शब्द महाराष्ट्रात तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा. पहिल्यांदा आला तो जमिनीच्या मोजणीबरोबर. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी जमीन मोजून, तिचा कस पाहून तीस वर्षांसाठी सारा ठरवायची पद्धत बसवली. ती सर्व्हे सेटलमेंट. मराठीत झाली जमाबंदी, आणि आजही पुण्यात जमाबंदी आयुक्त बसतात. दुसऱ्यांदा आला तो तारेच्या कुंपणासारखा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, त्यांना कोंडून ठेवायच्या वसाहतींना सेटलमेंट म्हणत. सोलापुरात त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. तो कायदा १९५२ ला गेला. आणि तिसऱ्यांदा शब्द आला कर्जाच्या तडजोडीतून, वन टाइम सेटलमेंट, म्हणजे एकरकमी परतफेड. थकलेल्यातले ठरलेले पैसे एकदम भरा, बाकी सोडून देतो.

आमच्या एका मावशींनी खव्याच्या कढईसाठी आणि गॅससाठी कर्ज काढलं होतं. २०२१ च्या पाण्यात कढई वाचली, धंदा दोन महिने बसला. हप्ते थकले. वसुलीला येणारा मुलगा एक दिवस कागद घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, एवढे एकदम भरा, बाकी माफ." मावशींनी गळ्यातलं मोडून पैसे भरले. कागद इंग्रजीत होता. कुणी वाचून दाखवला नाही आणि त्यांनीही कुणाला दाखवला नाही, कारण कर्ज थकलंय हे गटात सांगायची लाज वाटत होती. पुढं दोन वर्षांनी म्हशीसाठी बँकेत गेल्या. साहेबांनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि नाही म्हणाले. तिथं खात्यापुढं 'सेटल्ड' लिहिलेलं होतं. मावशींनी विचारलं, "मिटलंय न्हवं का ते?" साहेब म्हणाले, मिटलंय, पण फिटलेलं नाही.

आम्ही त्या बँकेतल्या साहेबांचे मनातून आभार मानले, कारण इंग्रजीतल्या सेटल्ड आणि क्लोज्ड या दोन शब्दांतला फरक त्यांनी मराठीच्या दोन साध्या क्रियापदांत सांगितला. मिटणं आणि फिटणं. क्लोज्ड म्हणजे फिटलं, पै न पै. सेटल्ड म्हणजे तडजोडीत मिटलं, आणि पुढचा प्रत्येक सावकार ते वाचणार. पत म्हणजे विश्वास. इंग्रजी क्रेडिटच्या मुळाशीही लॅटिनमधला विश्वास ठेवणं हाच अर्थ आहे. १९०४ च्या सहकारी कायद्यात क्रेडिट सोसायटी आली, तिचं मराठी पतपेढी केलं ते फार नेमकं केलं. पण तोच क्रेडिट शब्द पासबुकात आला की जमा होतो आणि दुकानात आला की उधारी. एका बाईच्या मोबाईलवर 'क्रेडिटेड' असा मेसेज आला तर तिला वाटलं कर्ज टाकलं कुणी आपल्या नावावर. दोन दिवस जेवली नाही. सिलिंडरची सबसिडी आली होती.

जामीनदार आणि सहकर्जदार यांच्याबद्दल बोलायला आज वेळ कमी आहे, ते पुढच्या वेळी. एवढंच सांगतो, गॅरंटर आणि को-बॉरोअर यांची सहीची जागा कागदावर शेजारी शेजारी असते. नवऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कागदावर आपण 'नुसती सही' करतो ती कुठल्या जागेवर करतोय ते बोट ठेवून विचारा. सहकर्जदार असाल तर ते कर्ज पहिल्या दिवसापासून तुमचं आहे.

मावशींचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही त्यांच्याबरोबर त्या वित्त कंपनीच्या ऑफिसात गेलो. सोडून दिलेली बाकी रक्कम भरली तर 'क्लोज्ड' असं लिहून देऊ, असं तिथं कळलं. रक्कम होती ७,४०० रुपये. गटानं अंतर्गत कर्ज दिलं, दहा महिन्यांच्या फेडीवर. त्यांचा आठवा हप्ता गेल्या बैठकीत आला. ना-हरकत दाखला हातात आल्यावर मावशींनी तो आधी आम्हाला वाचायला लावला, मग पुन्हा एकदा सावकाश वाचायला लावला आणि विचारलं, "ह्यात मिटलं लिवलंय का फिटलं?" फिटलं, असं सांगितल्यावर त्यांनी तो घडी घालून पदरात बांधला. म्हैस अजून घ्यायची आहे. जयसिंगपूरच्या बाजारात एक पाहून ठेवलीय म्हणतात, पण दूध काढून बघितल्याशिवाय सौदा करणार नाहीत.